वाघोबाशेजारची पहार

"ठिणगी उडालीच नाय," नवशा पुटपुटला. डोक्यावर हेलिकॉप्टर घोंगावत होतं. स्वतःचं बोलणं त्यालाही ऐकू आलं नाही.

पालघरच्या डोंगरावरून बोईसरकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे उभे राहत होते. त्यांचे लोखंडी भाग साखळीला टांगून वरून यायचे. धूळ कापत येणाऱ्या हेलिकॉप्टरच्या अंगात वीज साचते, ती साखळीत उतरते. म्हणून नवशाचं काम एवढंच: काठीच्या टोकाची तांब्याची आकडी आधी साखळीला लावायची. काठीची तार मातीत ठोकलेल्या पहारीला जोडलेली. ठिणगी उडाली की वीज मातीत गेली. मगच प्रताप फिटरनं हात घालायचा.

चार महिन्यांत ठिणगी कधी चुकली नव्हती.

त्यानं काठीच्या तारेवरून नजर मागे नेली. शेंदूर माखलेल्या वाघोबाच्या दगडाशेजारची पहार कोणीतरी उपटली होती. कोरड्या कातळावर ती नीट आडवी ठेवलेली. बाजूला म्हातारी भागी दगडापुढं हात जोडून उभी. डोंगरउतारावरचा हा वरकस जमिनीचा तुकडा तिचाच.

काठी लागलेली पाहून प्रताप पुढं झाला होता. घामानं भिजलेला हातमोजा साखळीपासून वीतभर.

नवशानं खांदा घातला. प्रताप झुडपात कोलमडला. झुललेली साखळी नवशाच्या उजव्या हाताला चाटून गेली आणि धक्क्यानं तो मातीत फेकला गेला.

प्रतापनं हात हलवून हेलिकॉप्टर वर पाठवलं आणि धावला. "नवशा, दिसतोय का मी?"

"दिसतोस. झुडपातून सरडा निघाला जसा."

प्रताप हसला नाही. "पहार कुणी काढली? साहेब वर येतायत. नाव द्यावं लागेल."

भागीनं तोंड उघडलं. त्याआधीच नवशा बोलला, "मीच. देवाच्या कुशीत लोखंड रुतत होतं. दुसरीकडं ठोकायचं राहिलं."

प्रतापनं भागीचे मातीनं भरलेले हात पाहिले.

"घरी बसवतील तुला."

"ठाव हाय. हिचं नाव दिलंस तं पोलीस येतील. या वयात ही ठाण्या-कोर्टात कुठं फिरंल?"

नवशाची उजवी बोटं मिटत नव्हती. वाघोबापासून दूर, बांधापलीकडे, प्रतापनं पहार धरली; नवशानं डाव्या हातानं हातोडा मारला. तार आवळली. काठी प्रतापच्या हाती दिली.

"ठिणगी बघूनच हात घाल, दादा."

मग तो उतरणीला लागला. मागून भागी चालत होती, धक्क्यानं त्याच्या पायांतून उडालेल्या चपला दोन्ही हातांत धरून.