कलमाखालची फूट

"झाड गेलंच होतं माझं. हिनं वाचवलं," फिटर पलंगावरून म्हणाले. झटका आल्यापासून त्यांचं बोलणं तोंडाच्या एकाच बाजूनं यायचं, पण हे वाक्य त्यांनी एकेक शब्द जुळवत नेटानं पुरं केलं.

शेजारचे पोस्टमास्तर खुर्चीत बसून चहा पीत होते. त्यांनी मान उंचावून खिडकीबाहेर पाहिलं. जमिनीलगत छाटलेल्या गुलाबाच्या बुंध्यातून लालसर कोंब वर आले होते.

"धाडस केलंत, वहिनी," ते म्हणाले. "एवढं कापायला माझा तरी हात धजला नसता."

फिटरवहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याशी उभ्या राहून घासलेलीच भांडी पुन्हा घासू लागल्या. फिटर हे आज पहिल्यांदा सांगत नव्हते. व्यायाम करवून घ्यायला येणाऱ्या बाईंना त्यांनी सांगितलं होतं, भेटायला आलेल्या डेपोतल्या सोबत्यांना सांगितलं होतं, फोनवर लेकीलाही. दर खेपेला वहिनींच्या कानशिलांना चटका बसल्यासारखं होई आणि त्या काहीतरी काम काढून तिथून उठत. कारण झाड वाचवण्यासाठी त्यांनी ते कापलंच नव्हतं.

बसगाड्यांच्या डेपोत इंजिनं खोलण्यात नवऱ्याचा जन्म गेला. सगळे त्यांना फिटर म्हणत, म्हणून त्या फिटरवहिनी. घरी बसून त्या लोकांचे कपडे उसवून मापाचे करून देत. बाह्या आखूड, कंबर सैल, शिलाई पक्की. पण त्यांचं स्वतःचं नाव गिऱ्हाइकांनाही धड ठाऊक नव्हतं. फिटर मनानं वाईट नव्हते. बोलायला मात्र कडू. भाजी बरी झाली म्हणायची वेळ आली की ते गप्प बसत, आणि बिघडली की शेजारी ऐकू जाईल असं सांगत.

त्यांचा सगळा हळवेपणा जाई तो खिडकीखालच्या गुलाबाला. रोपवाटिकेतून हायब्रीड टी जातीचं कलम आणून त्यांनी ते वाढवलं होतं. लांब देठ, देठाला एकच फूल, गुलाबी पाकळ्या कडेनं अलगद बाहेर वळलेल्या, आणि वास असा की रस्त्यानं जाणारा माणूस फाटकाशी घुटमळावा. नखांतलं काळं तेल घासून काढल्याशिवाय ते झाडाला हात लावत नसत. फूल उमललं की डेपोतल्या साहेबांच्या टेबलावर जाई, डॉक्टरांकडे जाई, पोस्टमास्तरांच्या नातीला मिळे. वहिनींनी एकदा हौसेनं एक तोडलं, तर दोन दिवस घरात धुसफूस चालली होती. "तू शिवण सांभाळ. झाडातलं तुला काय कळतं," असं त्यांना ऐकावं लागलं.

मग त्यांना झटका आला. अर्धं अंग लुळं पडलं. पलंग खिडकीशी आणला आणि फिटर तिथून झाडाचा कारभार बघू लागले. पाणी बुंध्याशी घाल, पानांवर नको. मावा दिसतोय, साबणाच्या पाण्यानं पूस. काळे ठिपके पडलेली पानं जमिनीवर टाकू नकोस. वहिनी त्यांना पुसत होत्या, कुशीवर वळवत होत्या, भरवत होत्या, मधल्या वेळात शिवण उरकत होत्या, आणि वर झाड.

त्याच दिवसांत त्यांची ताई आजारी पडली. आई लवकर गेल्यावर याच थोरल्या बहिणीनं त्यांना वाढवलं होतं, मशीनवर पाय चालवायला शिकवलं होतं. "धाकटीला एकदा बघू दे," असा तिचा निरोप आला. वहिनी आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिल्या. लेकीला सुट्टी मिळेना, आणि दुसऱ्या कुणाच्या हातून फिटर पाणीसुद्धा घेईनात. अखेर लेक आठवड्याच्या शेवटी यायची ठरली, वहिनींनी पिशवी भरून ठेवली, आणि त्याच्या आदल्याच सकाळी भाच्याचा फोन आला. ताई गेली.

वहिनी फोन हातात धरून पलंगाशी आल्या. "ताई गेली हो," त्या म्हणाल्या.

फिटरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं. "झाडाला पाणी घातलंस?" त्यांनी विचारलं.

वहिनी मागल्या दारानं बाहेर गेल्या. फिटरांच्या अवजारांच्या पेटीतून करवत काढली आणि झाडापाशी बसकण मारून, काटे मनगटात घुसत असताना, तो बुंधा मातीलगत कापला. झाड कळ्यांनी भरलेलं होतं. ते आडवं झालं तेव्हा वास एकदम अंगावर आला आणि त्या भानावर आल्या.

आत येऊन हात धुताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "रोग खोडापर्यंत उतरला होता. छाटलं सगळं."

फिटरांनी खिडकीतून रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं केलंस."

आणि तेव्हापासून हे कौतुक सुरू झालं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर वहिनींना सोसलं असतं. आयुष्यभर ज्या माणसाकडून एक चांगला शब्द ऐकायला जीव आसुसला, तो आता चारचौघांत त्यांचे गोडवे गात होता, आणि तेही कशाबद्दल? एका लुळ्या माणसाचं एकुलतं सुख त्यांनी सूड म्हणून तोडलं होतं. ताईसाठी रडायला बसलं तरी मधेच ती करवत आठवे आणि रडणंही खोटं वाटू लागे.

कोंब मात्र जोरात वाढले. फांद्या बघता बघता खिडकीच्या चौकटीपर्यंत आल्या. वहिनींना वाटू लागलं, चला, निदान झाड तरी परत मिळालं त्यांना. त्या आधारावर त्या टिकूनही राहिल्या असत्या, पण एके दिवशी पोस्टमास्तर कुंपणाशी आले आणि त्यांनी एक फांदी वाकवून पाहिली.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका," ते हलक्या आवाजात म्हणाले. "ही त्या गुलाबाची फूट नाही. पानं बघा, बारीक आहेत, एका देठावर सात सात. त्याची पाचच असायची. जंगली खुंटावर डोळा भरून कलम करतात ना, ते कलम कापलं गेलंय. खालचा खुंट फुटलाय हा."

"मग तो गुलाब?"

"तो नाही यायचा आता."

वहिनींनी कुंपणाची काठी घट्ट धरली. "यांना सांगू नका," त्या म्हणाल्या.

"मी कशाला सांगेन. पण फूल आल्यावर लपेल का?"

म्हणून वहिनींनी फूलच येऊ द्यायचं नाही असं ठरवलं. फिटर जागे व्हायच्या आत त्या बाहेर जात आणि दाण्यांएवढ्या कळ्या झुबक्यांनी खुडून काढत. कळ्या संपत नव्हत्या. आपल्याच अंगणात चोरट्यासारखं वाकून फिरताना त्यांना स्वतःची किळस येई.

एका सकाळी त्या मूठ भरून वळल्या, तर फिटर उशीवरून त्यांच्याकडेच बघत होते.

"खुडू नकोस," ते म्हणाले. "फुलू दे."

"कीड लागली होती."

"कीड कुठली. जंगली आहे ते."

वहिनींची मूठ तशीच राहिली. खिडकीच्या अलीकडे ते, पलीकडे त्या. "तुम्हांला कधी कळलं?"

"पहिली पानं आली तेव्हाच. पानं ओळखता येत नाहीत होय मला?"

"आणि तरी सांगत सुटलात सगळ्यांना? हिनं वाचवलं म्हणून?"

फिटरांनी चांगल्या हातानं ओठाची कड पुसली. "तुझ्याबद्दल लोकांत चांगलं कधी बोललोच नव्हतो. म्हटलं, हे निमित्त मिळालंय. तुला बरं वाटेल."

"बरं वाटेल? मला तोंड लपवायला जागा उरली नव्हती." वहिनींचा आवाज फाटला. "रोग नव्हता त्याला. मी रागानं कापलं. मुद्दाम."

"ठाऊक आहे. करवत ऐकली मी. रोग काढणारं माणूस असं कापत नाही."

"ताई गेली म्हणून सांगायला आले, आणि तुम्ही..."

"पाणी विचारलं," फिटर म्हणाले. मग म्हणाले, "मनात दुसरं होतं, तोंडातून भलतंच आलं, असं सांगणार होतो तुला. आजारात होतं म्हणतात तसं. पण खोटं आहे ते. दुसरं काही नव्हतंच मनात."

वहिनी आत आल्या. खिडकीबाहेर, त्यांच्या खुडण्यातून निसटलेल्या एका फांदीवर पांढरी, पातळ, बटणाएवढी फुलं उघडली होती. वास कसलाच नव्हता.

"शेवटी जवळ कोण होतं तिच्या?" फिटरांनी विचारलं.

"मला काय माहीत," वहिनी म्हणाल्या. "मी विचारलंच नाही. कुठल्या तोंडानं विचारू?"

फिटरांनी फोनकडे बोट केलं. मग म्हणाले, "भाच्याला फोन लाव. मला बोलायचंय."

"त्याला तुमचं बोलणं समजायचं नाही. काय सांगायचं ते मला सांगा, मी सांगते."

"नाही. मीच सांगतो."

वहिनींनी फोन लावला आणि त्यांच्या कानाशी धरला, कारण त्यांचा चांगला हातही तेवढा वेळ वर राहत नसे. पलीकडून आवाज आला. फिटरांनी श्वास घेतला.

"मी... तुझ्या मावशीला... येऊ... दिलं..."

"कोण बोलतंय? काही कळत नाही," भाचा म्हणाला.

वहिनींनी फोन दुसऱ्या हातात घेतला, पुन्हा कानाशी नीट टेकवला, आणि फिटरांनी पहिल्या शब्दापासून परत सुरुवात केली.