पाठीवरची चेन

रविवार उजाडला तो भिजट आणि अंग मोडून आलेला. ग्लेंडाने गाडीतून हवेची टाकी ओढून काढली, तेव्हा तिच्या कमरेने नेहमीची कुरकूर केली. खाली खाणीचं पाणी काळंशार पसरलं होतं. एके काळी इथून दगड निघायचा. इंग्लंडातल्या अर्ध्या लँकेशायर परगण्याच्या उंबऱ्यांना इथलाच दगड. मग दगड सरला, पंप थांबले, आणि हाकलून दिलेलं पाणी आपल्या पावलांनी घरी परत आलं. आता त्या पाण्यात हौशी माणसं बुड्या मारतात. ऐन मार्चच्या गारठ्यातसुद्धा. समुद्राची मर्जी सांभाळावी लागते, खाणीची नाही. ती परसातल्या विहिरीसारखी, कधीही जा, आहे तिथेच असते.

"आलीस? मला वाटलं, आज पांघरुणाने सोडलं नाही तुला," क्लाइव्ह म्हणाला. तो आधीच पाणी आत येऊ न देणाऱ्या कोरड्या सूटमध्ये कमरेपर्यंत शिरून बसला होता.

"पांघरूण फार विनवत होतं. पण म्हटलं, तू इथे एकटा कुडकुडत बसशील."

"मी? मी तर तुझ्यापायी येतो, बाईसाहेब."

हे बोलणं जुनं झालेलं, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या लुगड्यासारखं. क्लाइव्हने जन्मभर बस चालवली, ग्लेंडाने शाळेच्या स्वयंपाकघरात जन्मभर बटाटे सोलले. वर ज्याचा त्याचा संसार, ज्याचं त्याचं दार. पण पाण्याखाली वीसेक वर्षं दोघांची जोडी. एकट्याने उतरायचं नाही, हा इथला कायदा. आपला अर्धा जीव आपल्या टाकीत, अर्धा जोडीदाराच्या डोळ्यांत.

चहाच्या गाडीतून मॉरीन ओरडली, "काय म्हाताऱ्यांनो, अजून जिवंत? दोन बेकन-पाव बाजूला ठेवू का?"

"ठेव. वर आलो तर खाऊ," क्लाइव्ह म्हणाला.

"नाही आलात तर मी खाईन. माझं काही अडत नाही."

तिने दिलेला चहाचा कप क्लाइव्हने दोन्ही तळहातांमध्ये धरला, बाळाचं डोकं धरावं तसा. हिवाळ्यापासून त्याची बोटं मिटत नव्हती. ग्लेंडाने ते पाहिलं होतं. तिने पाहिलंय हे त्यालाही ठाऊक होतं. दोघांनीही त्यावरून चकार शब्द काढला नव्हता.

मग सूट चढवायची वेळ आली. या जुन्या सूटची चेन पाठीवर असते, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत. स्वतःची स्वतःला लावता येत नाही. ती जोडीदारानेच ओढायची, टोकाशी बोट फिरवून पाहायचं, आणि मग सोडायचं. क्लाइव्हची आणखी एक रीत होती: चेन लावून झाली की तो खांद्यावर दोनदा थापटायचा. कंडक्टरची दोन टोले घंटा. चला, गाडी सोडा.

ग्लेंडा पाठ करून उभी राहिली. चेन सरकू लागली. थांबली. पुन्हा ओढ बसली, बोट घसरलं. पुन्हा एकदा. मागे क्लाइव्हचा श्वास जड झाला. आणि चेन टोकापर्यंत पोचायच्या आधीच, डाव्या खांद्याशी दोन बोटांएवढी फट उघडी असताना, खांद्यावर थाप पडली. एकदा. दोनदा.

इतक्या वर्षांत ही चेन कुठे संपते, हे तिच्या पाठीला पाठ होतं. आज ती संपली नव्हती.

म्हणायला हवं होतं, "राहिलीये रे, ओढ पुन्हा." दोन शब्दांचं काम. पण मग तो पुन्हा ओढणार, बोटं पुन्हा घसरणार. मग शेजारून कुणी तरणाताठा येऊन म्हणणार, सरका काका, मी लावतो. क्लाइव्ह सरकणार. आणि सरकलेला माणूस पुन्हा जागेवर येत नाही. ग्लेंडाने ओठ मिटले. तिने त्याची चेन लावली, टोकाशी बोट फिरवलं, आणि खांद्यावर दोनदा थापटलं.

पाण्यात खांदा बुडाला आणि गार दोरा पाठीवरून खाली उतरला. आधी दोरा, मग ओघळ, मग झरा. आतले लोकरीचे कपडे पाणी पिऊ लागले. परत फिर, असं अंग म्हणत होतं. बसपर्यंत जाऊ दे याला, असं मन म्हणत होतं.

कारण खाणीच्या तळाशी एक बस होती. क्लाइव्हने तरुणपणी चालवली त्याच जातीची, बुड्या मारणाऱ्यांना बघायला मिळावी म्हणून कुणीतरी मुद्दाम बुडवलेली. हिरव्या अंधारातून तिचं तोंड वर आलं की क्लाइव्हचे पाय जोरात चालत. तो खिडकीतून आत शिरे, चालकाच्या जागी बसे. ग्लेंडा मागून जाऊन त्याच्या तळहातावर एक खडा ठेवी: भाडं. तो खडा काळजीपूर्वक न्याहाळून परत करी: सुट्टे द्या, बाई. दर रविवारी हेच. दर रविवारी हसण्याचे बुडबुडे छताला जाऊन चिकटत.

आज तिने खडा ठेवला. क्लाइव्हने मूठ मिटायला घेतली. मूठ मिटली नाही. खडा निसटला आणि गाळात गेला. क्लाइव्ह त्या जागेकडे पाहत राहिला. मग त्याने हात स्टिअरिंगच्या चक्रावर ठेवले. बोटं चक्राभोवती वळेनात. नुसती टेकून राहिली.

ग्लेंडाचे दात तोंडातल्या नळीवर वाजू लागले होते. पाय जड झाले होते, आपले वाटत नव्हते. तिने त्याच्या समोर हात नेला, मूठ वळली आणि अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ एकच: आता वर. ती खूण कुणीही, केव्हाही करावी. दुसऱ्याने तीच खूण परत करायची आणि निघायचं. का, म्हणून विचारायचं नाही. पाण्यात नाही, काठावर नाही, कधीच नाही. क्लाइव्हने खूण परत केली. दोघं सावकाश वर आली.

काठावर मात्र ग्लेंडाला उभं राहवेना. सूटच्या पायांत पाणी भरलं होतं, जणू खाण तिला धरून बसली होती. ती उतारावर हातापायांनी रांगली. क्लाइव्हने तिच्या काखेत कोपर घालून तिला ओढत आडोशाला आणलं, पाठीमागे गेला, आणि थबकला.

"मी लावली नव्हती," तो म्हणाला.

ग्लेंडाने दात आवळून धरले, तरी हनुवटी थडथडत होती.

"मनगटातून पाणी आत आलं असेल," ती अखेर म्हणाली.

"खोटं बोलू नकोस. तुला कळलं होतं?"

"हो."

"उतरायच्या आधी?"

"हो रे."

क्लाइव्हने तिची चेन उघडली. उघडायला जोर लागत नाही. पाणी भसाभस दगडांवर सांडलं.

"नव्या पोरांना मी काय शिकवतो? चेन उघडी तर पाय पाण्यात नाही. आणि तू माझी लाज राखायला जीव धोक्यात घातलास?" त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "खाली काही झालं असतं, तर या बोटांनी मी तुला कुठे धरलं असतं? कुठे धरलं असतं, सांग."

माया केली, असं तिला वाटलं होतं. मायेने दोघांनाही बुडवलं असतं.

कोरडे कपडे घालून ती मॉरीनच्या गाडीपाशी येऊन बसली. क्लाइव्हने आपली लोकरी टोपी तिच्या डोक्यावर ओढली, कानांवरून खाली, पोराला घालावी तशी.

"एवढ्यात आलात?" मॉरीन म्हणाली. "बस चुकली का?"

"मिळाली," क्लाइव्ह म्हणाला. "शेवटची."

मॉरीनने एकदा दोघांकडे पाहिलं आणि पाव गरम करायला पाठ फिरवली.

पाऊस पडत नव्हता, थांबतही नव्हता; नुसता हवेत होता. कितीतरी रविवार ग्लेंडाने उशीवर डोकं ठेवून वाट पाहिली होती, क्लाइव्हचा फोन येईल, आज नको म्हणेल. क्लाइव्हनेही पाहिली असेल. दोघं एकमेकांसाठी येत राहिली, आणि थकवा दोघांच्या मध्ये बसून वाढत राहिला.

क्लाइव्हने कप खाली ठेवला. उजवा हात टेबलावर पुढे आणला. बोटं वळवायला लागला. मूठ अर्धीच झाली, अर्धवट मिटलेल्या फुलासारखी. त्या मुठीवर त्याने अंगठा उभा केला: आता वर.

ग्लेंडाच्या ओठांवर आलं होतं: डॉक्टरला दाखव, उन्हाळ्यात बरं वाटेल, निदान एकदा. पण कायदा कायदा होता. का, म्हणून विचारायचं नाही.

तिने मूठ वळली आणि अंगठा वर केला.

मॉरीनने पाव आणून ठेवले. "पुढच्या रविवारी पण दोनच ना?"

"दोनच," ग्लेंडा म्हणाली. "पण उशिरा येऊ गं. झोप काढून."

क्लाइव्हने दोन्ही तळहातांत पाव धरला. एक घास खाल्ला. "माझ्यासाठी म्हणून यायचं असेल तर येऊ नकोस," तो म्हणाला.

"बेकनसाठी येईन," ती म्हणाली, आणि टोपी कानांवर आणखी खाली ओढली.