पाटीवरचा प्रॉप्र

कडककाकांच्या लॉन्ड्रीत डागाची डाळ शिजत नसे. शाई असो, ग्रीस असो, कपडा लख्ख होऊनच बाहेर पडायचा. फक्त तो कुणाच्या घरी जाईल याचा नेम नसायचा. काकू कानीकपाळी ओरडत, कपड्यांना चिठ्ठ्या लावा. काका म्हणायचे, मी कपडा चेहऱ्यावरून ओळखतो.

समोरच्या लॉजमध्ये पुलाच्या कामासाठी वीस फ्रेंच इंजिनिअर उतरले. आठ दिवस कपडे देऊन बघते, मग ठरवते, असं लॉजवाल्या बाईंनी सांगितलं. हे काम हुकलं तर मुलगा दुकान बंद करायला लावणार होता. 

सून क्लासला जाऊन फ्रेंच शिकत होती. 'तुमचे कपडे, स्वच्छ' हे तिनं कागदावर लिहून दिलं: व्हो वेतमाँ प्रॉप्र. पाटी काकांनी स्वतः रंगवली. 'वेतमाँ' थेट काठाला जाऊन भिडलं आणि 'प्रॉप्र' राहूनच गेला. 'वेतमाँ'च्या अलीकडे मात्र ऐसपैस जागा होती, तिथे त्यांनी तो बसवला. 'कपडे स्वच्छ' काय नि 'स्वच्छ कपडे' काय, साबण तोच, म्हणत त्यांनी ब्रश धुतला.

सुनेनं पाटी पाहून कपाळाला हात लावला. प्रॉप्र कपड्यांच्या नंतर आला तर स्वच्छ. आधी आला तर स्वतःचे. म्हणजे पाटी सांगत होती, इथे तुमचे स्वतःचेच कपडे मिळतील. काकू हसता हसता खालीच बसल्या. जे नवऱ्याला उभ्या जन्मात जमलं नव्हतं, नेमकी त्याचीच त्यानं जाहिरात केली होती. फ्रेंच मंडळींना मात्र पाटी फार पटली, कारण आधीच्या लॉन्ड्रीनं त्यांच्या कपड्यांची पार खिचडी केली होती. दुपारपर्यंत वीसही पिशव्या दारात आल्या.

आठव्या दिवशी निकाल होता. घरच्या कपड्यांच्या चळतीत वरच निळ्या रेघांचा झोकदार शर्ट दिसला. बायकोनं गुपचूप आणला वाटतं, म्हणून काका मनातून सुखावले. बाह्या लांब होत्या, त्या दुमडल्या आणि ते गल्ल्यावर जाऊन बसले.

बाई आल्या त्या एका उंच इंजिनिअरला घेऊनच. त्याच्या हातात पांढरा शर्ट होता. तो शांतपणे काहीतरी बोलला.

"बाबा," सून खाली बघत म्हणाली, "शर्ट स्वच्छ आहे म्हणतात. पण त्यांचा स्वतःचा नाही."

"मग ह्यांचा कुठे गेला?"

इंजिनिअरनं काकांच्या छातीकडे बोट दाखवलं.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तिथेच बटणं सोडली आणि बनियनवर उभं राहून शर्ट पुढे केला.

"आता त्यांचा स्वतःचा आहे," सून पुटपुटली, "पण स्वच्छ नाही."

तेच तिनं फ्रेंचमध्ये सांगितलं, तसा इंजिनिअर खो खो हसत सुटला. बाई हसल्या नाहीत. काकांनी कुणाला हात लावू दिला नाही. बनियनवरच शर्ट धुतला, पिळला, इस्त्रीखाली वाळवला आणि घडी घालून दोन्ही हातांनी दिला.

"मा प्रॉप्र शमीज प्रॉप्र," इंजिनिअर म्हणाला. माझा स्वतःचा शर्ट, आणि स्वच्छ.

बाईंनी काम दिलं, पण एका अटीवर: चिठ्ठ्या काकूच लावतील. काकांनी गल्ल्यातलं पेन काकूंच्या हाती दिलं.

पाटीवर आता प्रॉप्र दोनदा आहे. दुसरा जागेअभावी भिंतीवर गेलाय. आणि काकांच्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरला आतून काकूंच्या अक्षरात चिठ्ठी असते: 'हा घाला.'