पहिल्या सभेची हजेरी

ओताव्यो मोरास्सोने फोन बंद केला, पिशवीच्या तळाशी टाकला, त्यावर मफलर कोंबला आणि मगच इमारतीच्या दाराला किल्ली लावली. सकाळचे सहा वाजायला दहा मिनिटं होती. डोंगरावरून सुटलेला वारा गल्लीतून खाली बंदराकडे पळत होता. आत शिरून त्याने तळमजल्याच्या दालनातला दिवा लावला, भिंतीशी रचलेल्या घडीच्या खुर्च्यांतली एक उघडली आणि पत्र्याच्या टेबलावर इतिवृत्ताची वही ठेवून बसला. आता तासभर इथे कुणी येणार नव्हतं. त्याला तशी खात्रीच होती, कारण ही वेळ त्यानेच ठरवली होती.

कायद्याने इमारतीतल्या घरमालकांची सभा दोनदा बोलवावी लागते. पहिल्या सभेला निम्म्याहून अधिक मालक हवेत, आणि जेनोवात इतके मालक एका जागी आणायचे तर फुकटचं जेवणच ठेवावं लागेल. दुसऱ्या सभेला थोडे पुरतात. म्हणून पहिली सभा मुद्दाम अशा वेळी ठेवायची की कुणी तिकडे फिरकू नये, आणि खरी सभा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घ्यायची. सगळ्या इमारतींचे व्यवस्थापक हेच करतात, मालकांनाही ते ठाऊक असतं, आणि कुणाचं काही बिघडत नाही. पहिल्या सभेला मालक जात नाहीत तसा व्यवस्थापकही जात नाही. ‘कोणीही हजर नव्हते’ ही ओळ घरी बसून वहीत लिहायची आणि खाली सही ठोकायची. या इमारतीच्या वहीत ओताव्योने ती अकरा वर्षं लिहिली होती.

यंदा मात्र तो स्वतः आला होता, आणि त्याला कारण होतं एक प्रशिक्षण. व्यवस्थापकांना दर वर्षी सक्तीने काही तास वर्गात बसवतात. एरवी तिथे आग, गटारं आणि नवे कायदे असतात. यंदा एक दुपार ‘कामाच्या ठिकाणचं स्वास्थ्य’ या विषयाला दिली होती. ऐंशी व्यवस्थापक हॉटेलच्या सभागृहात बसले होते आणि ऐंशीच्या ऐंशी जण मांडीवरच्या फोनकडे बघत होते. बोलायला आलेली डॉक्टर बेल्लाती त्यांच्या मुलींच्या वयाची होती.

“तुमच्याकडे कुणी काहीही मागितलं नाही, असा शेवटचा तास कधी मिळाला होता तुम्हाला?” तिने विचारलं.

“हर्नियाच्या ऑपरेशनला भूल दिली होती तेव्हा,” मागून कुणीतरी म्हणालं.

सभागृह खदखदून हसलं. ओताव्योही हसला, पण घरी पोचेपर्यंत तो आपला तास शोधत होता आणि तो काही केल्या सापडेना. सहा वर्षांपूर्वी बायको सोडून गेली ती न भांडता. “या घरात आपण दोघं कधी नव्हतोच,” ती म्हणाली होती, “तू होतास आणि बत्तीस इमारती होत्या.” आता तो पाण्याच्या जगाला फोन टेकवून जेवायचा. कुणाच्या छतातून पाणी ठिबकायचं, कुणाचा कुत्रा भुंकायचा, आणि कुणाचं तर काहीच नसायचं, नुसतं ओरडायचं असायचं. फोनमध्ये नऊशे नंबर होते, आणि त्यातला एकही असा नव्हता की जो लावून ‘काय चाललंय?’ म्हणावं. हा एकटेपणा त्याला दुःखापेक्षा लाजेचाच जास्त वाटायचा.

वर्ग संपल्यावर त्याने डॉक्टरबाईंना गाठलं. एक मोठी कंपनी त्याच्या सगळ्या इमारतींचं काम घ्यायला तयार होती. त्याला टेबल मिळणार होतं, फोन दुसऱ्याच कुणाकडे जाणार होता आणि सभा पडद्यावर होणार होत्या. पहिला राजीनामा याच इमारतीचा द्यायचा, असं त्याने ठरवलं होतं.

“सोडायचं तर सोडा,” ती म्हणाली. “पण दमलेल्या माणसाने सही करू नये. आधी एक तास असा काढा, की कुणालाही तुम्ही लागणार नाही. मग ठरवा.”

असा तास अख्ख्या जेनोवात कुठे मिळणार, याचा विचार करता करता त्याला पहिली सभा आठवली होती.

त्या तासातली आठ मिनिटं खरंच शांत गेली. मग वरून जिन्यावर ठक् असा आवाज आला, थोडा थांबला, पुन्हा ठक् आला. लिफ्ट महिनाभर बंद होती. चार मजले उतरायला त्या आवाजाला बराच वेळ लागला. अखेर जिन्याच्या वळणावर आधी स्वयंपाकघरातल्या खुर्चीचे पाय दिसले आणि मागून देल्फीना रेपेत्तो. कोट, टोपी, आणि दातांत धरलेला सभेचा कागद.

तिने खुर्ची टेबलासमोर मांडली आणि कागद तोंडातून काढला.

“आलात एकदाचे,” ती म्हणाली.

“रेपेत्तोबाई, सभा उद्या आहे. संध्याकाळी साडेसहाला.”

“ती दुसरी. पहिली आज, सहाला. कागद तुम्हीच पाठवलाय, मोरास्सो.”

“हो, पण पहिल्या सभेला कुणी येत नाही हो.”

“मी येते.”

“आज आलात खऱ्या.”

“दर वर्षी येते. येत नाही ते तुम्ही.”

ओताव्योला एकदम फोन आठवले. दर फेब्रुवारीत, पहिल्या सभेच्या दिवशी नऊच्या ठोक्याला कचेरीत हिचा फोन यायचा, आणि कामाला असलेली पिएरा चिठ्ठी लिहून ठेवायची: ‘चौथा मजला. सभा का झाली नाही विचारते. उद्या आहे म्हणून सांगितलं.’ म्हातारीचं घड्याळ एक दिवस पुढे आहे, असं म्हणून ते दोघं हसायचे. तेव्हा आपण हसलो होतो हे आता त्याला फार टोचलं.

“किती वेळ थांबायचात?”

“तासभर. तेवढ्यात सभा उरकायला हवी. मग वर जायची.” तिने हातमोजे काढून मांडीवर ठेवले. “महापालिकेत जन्ममृत्यूच्या खिडकीवर छत्तीस वर्षं बसले मी. लोकांना एक वेळ द्यायची आणि आपण दुसऱ्या वेळी उगवायचं, असं नाही केलं कधी.”

“पण एकदा कळल्यावर पुन्हा का यायचात?”

“पहिल्या वर्षी चुकूनच आले. सभांना माझा नवरा एमिलियो जायचा, तो नुकताच गेला होता. मला काय ठाऊक तुमच्या या गमती? दुसऱ्या वर्षापासून ठाऊक होतं.” तिने कागदाची घडी उलगडून टेबलावर तळहाताने सपाट केली. “पण बोलावणं असतं ना हो. नाव घालून. मला दुसरं कोण बोलावतं?”

ओताव्यो म्हणाला, “मग संध्याकाळच्या सभेला या की.”

“तिथे सगळे एकदम ओरडतात. त्यात तो दातांचा डॉक्टर गाज्जोलो. बोलायला लागला की समोरच्याची गत तोंड उघडं ठेवलेल्या रुग्णासारखी. चला, करा सुरू.”

“बाई, गणपूर्ती नाही. इथे काही ठरवता येत नाही.”

“ठरवू नका. वाचा तर खरं.”

त्याने विषयपत्रिका वाचायला घेतली. पहिला विषय जिन्याच्या रंगाचा. तिला हिरवा नको होता, दवाखान्यासारखा दिसतो म्हणून. दुसरा लिफ्टच्या दुरुस्तीचा.

“बाजूने,” ती म्हणाली. “विरुद्ध कोण असणार?”

“पहिला मजला.”

“हां, पहिला मजला. त्यांचे गुडघे कुठे दुखतात!” ती पुढे झुकली आणि तिची खुर्ची डुलली. फरशी तिथे झिजून खोलगट झाली होती. “तिसरा?”

“व्यवस्थापकाची फेरनियुक्ती.”

देल्फीनाने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

“तुम्हाला राहायचंय का?”

सत्तावीस वर्षांत हा विषय त्याने शेकडो वेळा वाचला होता. पुढच्या वर्षी फोन लवकर उचलाल का, हे विचारायचे. कमी पैशांत कराल का, हेही विचारायचे. हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. खुर्ची पुन्हा डुलली. त्याने पिशवीत हात घातला, राजीनाम्याचं पाकीट बाहेर काढलं, त्याची चौपदरी घडी केली, आणि गुडघ्यावर बसून ती खुर्चीच्या अधांतरी पायाखाली सरकवली.

“आता बघा.”

तिने डावीकडे उजवीकडे झुकून पाहिलं. “आता नाही डुलत. कामाचा कागद होता का?”

“उद्या लागणार होता.”

“मग काढा की.”

“असू द्या,” ओताव्यो म्हणाला. तो गुडघे झटकत उठला, पण लगेच खुर्चीत बसला नाही.

“तिसरा विषय तहकूब,” देल्फीनाने जाहीर केलं. “पुढच्या वर्षी, पहिल्या सभेत घेऊ. सकाळी सहाला.”

तिने खिशातून कागदात गुंडाळलेला फोकाच्चा काढला. रोटीवरचं तेल कागदातून बाहेर आलं होतं. “कालचा आहे. दर वर्षी एकीपुरताच आणते, आज जरा कमी पडेल.” दोन तुकडे करून मोठा तिने त्याला दिला. दोघांनी खाल्ला. आठवड्याभरात फोन समोर न ठेवता त्याने खाल्लेला हा पहिला घास होता.

मग त्याने वही उघडली. यंदाचं पान काढता काढता मागची पानं उलटली, आणि ती तिने बोटाने थोपवली. ‘कोणीही हजर नव्हते.’ तिने एक पान मागे घेतलं. ‘कोणीही हजर नव्हते.’ अक्षर त्याचं, सही त्याची. ती सावकाश, एकेक करून, अकराही पानं बघून आली. ओताव्योला उठून बाहेर वाऱ्यात जाऊन उभं राहावंसं वाटलं.

“छत्तीस वर्षं नोंदी केल्या मी,” ती शेवटी म्हणाली. आवाजात राग नव्हता. “जिवंत माणसाला मेलेलं नाही लिहिलं कधी.”

“चुकलं माझं, बाई.”

“लिहा आता.”

त्याने यंदाच्या पानावर लिहिलं: ‘हजर: एक. रेपेत्तो देल्फीना, चौथा मजला.’ वही तिच्याकडे फिरवली.

“दोन,” ती म्हणाली.

“व्यवस्थापक मोजत नाहीत.”

“तुम्ही इथे बसला आहात की नाही?”

त्याने ‘एक’ खोडून ‘दोन’ केलं, आणि बाजूला रीतीप्रमाणे सही केली.

सात वाजता सभा संपली. खुर्ची चार मजले वर त्याने नेली. ती मागून येत होती, दर मजल्यावर दम खायला थांबत होती आणि तोही थांबत होता. दारात खुर्ची घेऊन तिने नुसती मान डोलावली आणि आत गेली. खाली उतरल्यावर त्याने फोन चालू केला. चौदा फोन येऊन गेले होते. त्याने वही उचलली आणि दिवा मालवून निघाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकोणीस मालक जमले. ओताव्यो लवकर पोचला होता. पाकीट फरशीवर होतं तिथेच होतं, चपटं झालेलं, मधोमध खुर्चीच्या पायाचा गोल ठसा घेऊन. त्याने ते उचलून कोटाच्या खिशात घातलं. सभेचा अध्यक्ष नेहमीप्रमाणे डॉक्टर गाज्जोलो झाला. जिन्याचा रंग हिरवा ठरला. लिफ्टवर सव्वा तास भांडण झालं आणि पहिला मजला एकटा पडला, तेव्हा कुठे दुरुस्ती मंजूर झाली. तिसऱ्या विषयापर्यंत निम्मे लोक कोट चढवत होते.

“मोरास्सोच,” गाज्जोलो म्हणाला. “दुसरं कोण मिळणार? हात वर करा.”

हात वर गेले. वर करताना त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

“तुम्हाला काही म्हणायचंय?”

ओताव्योचा हात खिशात, पाकिटावर होता. “एक वर्ष राहतो,” तो म्हणाला. “पुढचं पुढे बघू.”

ते कुणाच्या कानावर गेलं नाही, कारण लिफ्टचं भांडण पुन्हा दाराशी पेटलं होतं. गाज्जोलोने वही ओढली आणि सही करायच्या आधी रीत म्हणून मोठ्याने वाचू लागला. दुसऱ्याच ओळीवर तो अडला.

“पहिली सभा, सकाळी सहा. हजर: दोन. हे काय आहे?”

“हजेरी.”

“सहाला? इतकं वेडं कोण निघालं?”

“चौथ्या मजल्यावरच्या रेपेत्तोबाई.”

“आणि दुसरं?”

“मी.”

“अहो, व्यवस्थापक मोजत नाहीत.”

“यंदा मोजलाय,” ओताव्यो म्हणाला, आणि सहीसाठी पेन त्याच्यापुढे केलं.