वरच्या मजल्यावरचा लिफाफा

माझा चुलतभाऊ माझ्या डोक्यावर राहतो, आणि हे मी घराच्या नकाशापुरतंच म्हणत नाही. दूधविनायकाच्या आमच्या गल्लीत खालचा मजला माझा, वरचा त्याचा. ऊन त्याच्या वाट्याला, ओल माझ्या. दोघांचंही नाव ढुंढिराज पाटणकर. आजोबा वारले त्या वर्षी आम्ही दोघे जन्मलो. आजोबांचं नाव नातवाला ठेवायचं ही रीत, आणि माझे वडील नि त्याचे वडील हे सख्खे भाऊ, पण माघार कोणीच घेतली नाही. घरात मग त्याला राजा म्हणू लागले आणि मला ढुंढू. साठी उलटली तरी मला हे पचलेलं नाही.

महाराष्ट्रात असतो तर मधे बापाचं नाव येऊन आम्ही वेगळे झालो असतो. इकडे उत्तरेत, हिंदी शाळेत मास्तरांनी ते गाळलं, आणि पुढे सगळ्या कागदांवर तसंच उतरलं. नाव एक, आडनाव एक, पत्ता एक.

माझी मुलगी अवनी फिजिओथेरपी शिकली ती माझ्या मजल्याचे कागद बँकेत तारण ठेवून. ते कर्ज फिटलं. आता तिला रामनगरात स्वतःचा दवाखाना काढायचा होता. रस्त्यालगत तळमजल्याचा गाळा मिळत होता; गुडघे धरून येणाऱ्यांना पायऱ्या नकोत म्हणून तिला तोच हवा होता. मालक म्हणाला, रामलीला संपेपर्यंत थांबतो. नवीन बँक मूळ कागदांशिवाय कर्ज देईना. गाळा हुकला तर अवनी नोएडाच्या हॉस्पिटलात जाणार होती, तिथलं पत्र येऊन पडलं होतं. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. ती गेली तर मी आणि भिंती.

म्हणून कागद आणायला मी जुन्या बँकेत गेलो. तरुण मॅनेजरनं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

"अंकल, कागज़ तो आप ले जा चुके हैं। ये देखिए, आपके साइन।"

सही पाहिली आणि अंगाचा तिळपापड झाला. 'ढ'ला अशी ऐटदार शेपटी ओढायची खोड आमच्या खानदानात एकालाच. राजाचंही कर्ज त्याच बँकेत होतं, आणि ते माझ्या आधी फिटलं होतं. अर्थात! तो कशात मागे राहिलाय? नाव-पत्ता पाहून बँकेनं दोन्ही लिफाफे त्यालाच देऊन टाकले असणार. त्यानं घरी जाऊन उघडून पाहिले नसतील? पाहिले असतील, माझे ओळखले असतील, आणि तरी गप्प. म्हणजे मी जिना चढून त्याच्या दारात यावं आणि "राजा, माझे कागद दे रे" म्हणावं, अशी त्याची इच्छा. त्याची बायको शरदिनी वर चहा देणार, आणि मग आख्ख्या गल्लीत बोभाटा, की ढुंढूला आपले कागदसुद्धा सांभाळता येत नाहीत.

"ये मेरे साइन नहीं हैं," मी म्हणालो.

"फिर किसके हैं?"

"वो पता करना आपका काम है।"

यात खोटं काय होतं? एकाचे कागद दुसऱ्याला दिले म्हणजे बँकेनं ते हरवलेच. कुठे हरवले, एवढंच मी सांगितलं नाही.

घरी येऊन अवनीला म्हटलं, बँकेनं कागद हरवले, आणि वरच्यांना यातलं काही कळता कामा नये. पोरगी पदर खोचून कामाला लागली. बँकेला लेखी तक्रार दिली आणि पोच घेतली. पोलीस थाण्यात अर्जी दिली. रजिस्ट्री ऑफिसात नकलेसाठी रांग लावली. दुपारच्या उन्हात ती माझ्यासाठी छत्री धरून उभी राहायची आणि म्हणायची, "बाबा, तुम्ही टेन्शन नका घेऊ, बँकेची गलती आहे, खर्चा पण तीच देईल."

नक्कल मिळाली. पण नवीन बँक म्हणाली, मूळ कागद आमच्याकडून हरवले असं जुन्या बँकेचं पत्र आणा. जुनी बँक म्हणाली, आमच्याकडे सही आहे, पत्र कसलं देणार? एका वाक्यात हा गुंता सुटला असता. ते वाक्य रोज माझ्या जिभेवर यायचं, आणि रोज वरून राजाचं खाकरणं ऐकू आलं की मी ते गिळायचो. शेवटी अवनीनं बँकिंग लोकपालाकडे तक्रार केली. रामनगरची रामलीला संपली. मालकानं गाळा एका मोबाइलवाल्याला दिला.

आणि मग बँक जागी झाली. लोकपालाची नोटीस आल्यावर मॅनेजरनं सहीसोबत जोडलेलं आधार कार्ड काढून पाहिलं आणि थेट राजाला फोन लावला. संध्याकाळी राजा खाली आला, लिफाफा हातात घेऊन. अवनी पोळ्या लाटत होती.

"हे घे," तो म्हणाला. "मी वाट बघत होतो, तू मागायला येशील म्हणून. घर गहाण टाकलंस आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस. मला ते कागदावरून कळावं?"

"तुझ्याकडे आहे हे मला कसं कळणार?"

"ढुंढू, जन्मभर माझ्यावर जळत आलास, आणि माझी सही ओळखली नाहीस?"

अवनीनं लाटणं खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. पटकन 'नाही' म्हणायला हवं होतं. मला उशीर झाला.

"आपको पहले दिन से पता था?" ती म्हणाली. रागावली की ती हिंदीत जाते, आणि 'तुम्ही'चं 'आप' होतं तेव्हा ते परक्याला म्हटल्यासारखं लागतं.

मी लिफाफा उघडून कागद मोजू लागलो. राजाचा मात्र चेहरा पडला. गाळा हातचा गेल्याचं त्याला तेव्हाच, अवनीच्या तोंडून कळलं. रिक्षा करून तो रामनगरला गेला, मालकापुढे हात जोडले, मोबाइलवाल्यालाही विनवलं. उपयोग झाला नाही. परत येऊन आमच्या दारातच तो अवनीपुढे रडला, "बेटा, माझं चुकलं" म्हणाला. माफी मागण्यातही तो माझ्या पुढे! आता मी मागितली असती तर त्याची नक्कल झाली असती, म्हणून मी मागितली नाही.

अवनी नोएडाला निघाली त्या सकाळी तिची बॅग दाराशी होती आणि ऑटो गल्लीच्या तोंडाशी. "नमस्कार करून येते," म्हणाली. मी खुर्चीत सरसावून बसलो, पाय जवळ घेतले. ती वर गेली. शरदिनीचं रडणं ऐकू आलं, राजाचा आशीर्वाद ऐकू आला, दही-साखरेची वाटी वाजली. खाली येऊन तिनं माझ्याही पायांना हात लावला, घाईघाईनं, ऑटोवाला हॉर्न देत होता म्हणून.

पोर गेली याचं दुःख व्हायला हवं होतं, आणि ते झालंही, पण नंतर. त्या क्षणी माझ्या मनात एकच गोष्ट पेटली होती, की ती आधी वर गेली.