सात खंडी आणि दोन

गेल्या ऑक्टोबरात मी बीडला एका कार्यशाळेत बोलत होतो. विषय होता 'तरुण संशोधकांचे प्रशिक्षण आणि करिअर'. असले विषय निवृत्तीला टेकलेल्या माणसाच्याच गळ्यात का मारतात, कोण जाणे. माझ्यामागच्या पडद्यावर एक चित्र होतं. मधोमध संशोधक आणि त्याच्याभोवती त्याला आधार देणारे: मार्गदर्शक, विभाग, ग्रंथालय, विद्यापीठ. समोर चाळीस पोरं-पोरी, त्यातली निम्मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली. मी त्यांच्यावर खेकसणार, तेवढ्यात माझाच मोबाईल थरथरला. धनश्रीचा फोन होता. ती उगाच फोन करणारी नव्हे, म्हणून मी उचलला.

"सर, प्लॉट गेले."

"गेले म्हणजे?"

"तुम्ही या," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

मी व्याख्यान अर्धं सोडून गाडी केजच्या रस्त्याला लावली.

धनश्री माझी शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी. वय तेहेतीस, मेंढपाळाघरची. केजच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे शिकवला तेवढाच तास तिचा, बाकी कॉलेज तिला ओळखतही नाही. पीएचडी हाती आली की कायम जागेसाठी अर्ज करता येणार होता. तिचा विषय साधा होता. मुरमाड माळ नुसता राखला, तिथे जनावर चारलं नाही की खताची पाटी टाकली नाही, तर गवत आपल्या आपण कसं परत येतं? त्यासाठी आमच्या संस्थेच्या पडीक माळावर तिनं पाच वर्षांपूर्वी बारा चौकोन आखले, भोवती तार ओढली आणि प्रत्येक चौकोनात नंबराची ॲल्युमिनियमची पट्टी ठोकली. शेवटचे तीन हंगाम सलग मोजायचे होते. दोन झाले होते, तिसरा त्याच आठवड्यात मोजायचा होता. विद्यापीठाची मुदतवाढ डिसेंबरअखेर संपत होती आणि 'यापुढे कोणत्याही विनंतीचा विचार केला जाणार नाही' असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. डिसेंबरातच माझीही नोकरी संपत होती.

माळावर पोचलो तर लांबूनच कुत्री भुंकायला लागली. पळसाच्या झाडाखाली एक घोडं बांधलेलं होतं. कळप खाली ओढ्याकडे चरायला गेला होता. जिथे गुडघाभर पवन्या आणि मारवेल गवत उभं असायला हवं होतं, तिथे जमीन तासून काढल्यासारखी झाली होती आणि तिच्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत काळ्या लेंड्यांचा थर पडला होता. एक चौकोन सुटला नव्हता. मेंढरांना रात्री कोंडतात ती वाघर, म्हणजे दोराची जाळी, अजून खुंट्यांवर ताणलेली होती.

धनश्री सहाव्या चौकोनात उकिडवी बसली होती. मांडीवर वही होती.

"कुणाची मेंढरं?" मी ओरडलोच. "कुठाय तो माणूस? पोलिसात देतो त्याला!"

"सर, हळू बोला," ती म्हणाली. "आबांची आहेत."

आबा म्हणजे तिचे वडील, सुग्रीव. ते झाडाखालून उठून आमच्याकडेच येत होते. खांद्यावर घोंगडी आणि तोंडभर हसू. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"सर, तुमी कावून उन्हात उभं ऱ्हायलाव? चला सावलीला," ते म्हणाले. "बगितलं का पोरीचं रान? तीन राती बसवलो. आता निकस म्हणंल का कुनी?"

निकस हा शब्द माझा होता.

सप्टेंबरात सुग्रीवमामा माझ्या कॉलेजात आले होते. मी तेव्हा पेपर तपासत होतो. दारात चपला काढून त्यांनी विचारलं, "सर, पोरीचं कावून आडलंय? सा वरीस झाले." मला घाई होती. आणि खरं सांगायचं तर, मेंढरं वळणाऱ्या माणसाला हा प्रयोग काय समजावून सांगायचा, असंही मनात होतं. मी म्हणालो, "मामा, तिथली जमीन निकस आहे. गवत हळू येतं. वेळ लागणारच." ते "आस्सं हाय व्हय" म्हणाले आणि गेले. दोन वाक्यांत काम उरकलं म्हणून मी खूशही झालो होतो.

निकस जमिनीवर मेंढरं बसवायची, म्हणजे रात्रभर तिथेच कोंडून लेंड्यांचं खत पाडायचं, हे त्या घराला पिढ्यान्‌पिढ्या माहीत. त्यासाठी शेतकरी त्यांच्या विनवण्या करतात. सुग्रीवमामा सांगत होते, "माजलगावचा एक ऊसवाला दोनदा आलता. म्हनलं, यंदा न्हाई. यंदा आधी लेकीच्या रानात."

"पण मामा, ही तार?" मी कसंबसं विचारलं.

"तार काय, दुसऱ्याच्या जनावरासाठी आसती. आपल्या मेंढराला कशापायी?" मग त्यांनी घोंगडीतून एक पुरचुंडी काढली आणि माझ्या हातात दिली. "ह्या तुमच्या नंबराच्या पट्ट्या. पायाखाली यायच्या, म्हनून म्याच उपटून ठिवल्या. बारा हायत, मोजून घ्या. एक बी हारवली न्हाई."

पट्ट्या धुऊन पुसलेल्या होत्या. मला संताप आवरेना. माझा स्वभाव तापट आहे हे सगळ्या कॉलेजला ठाऊक आहे. "अहो मामा, तुम्ही काय करून बसलात..." इथपर्यंत मी बोललो आणि धनश्रीनं माझी बाही घट्ट धरली.

"आबा, सरांना चहा ठेवा ना," ती म्हणाली. ते लगबगीनं चुलीकडे गेले.

"त्यांना काही सांगू नका," ती म्हणाली. "दिवाळी झाली की ते कळप घेऊन खाली जातात. सहा महिने रानात एकटे असतात, सर. हे डोक्यात घेऊन ते कसे राहतील?"

"आणि तू?"

हा माळ पुन्हा पहिल्यासारखा व्हायला पाच-सहा वर्षं लागणार, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी बारा चौकोनांवरून नजर फिरवली. एखादा कोपरा, एखादी कड वाचली असेल म्हणून वेड्यासारखा दोन फेऱ्या मारून आलो. मेंढपाळानं मन लावून केलेलं काम होतं, त्यात काय वाचणार?

परत तिच्याजवळ आलो आणि जे आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. "गेल्या वर्षीचे आकडे घे. थोडे इकडे, थोडे तिकडे कर. इथे येऊन कोण बघतंय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "सकाळपासून दोन पानं तशीच भरली होती," ती म्हणाली. "फाडली मग. पहिल्या वर्षी मी एका चौकोनाची मोजणी अंदाजानं लिहिली होती, आठवतं? तुम्ही वही व्हरांड्यात फेकली होती. मी चारचौघांत ती उचलायला गेले होते."

"मी चुकलो तेव्हा."

"नाही सर. तेव्हा नाही चुकलात," ती म्हणाली.

तेव्हा नाही, म्हणजे कधी, ते तिनं सांगितलं नाही आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही. एकदा, फक्त एकदा, मी या माणसाला इथे आणून 'मामा, हे रान असंच उपाशी ठेवायचंय' असं म्हणालो असतो, तर त्यांनी दुसऱ्याचं शेळकूसुद्धा आत येऊ दिलं नसतं. मला रडू आलं. मी चष्मा पुसत उभा राहिलो.

सुग्रीवमामा चहा घेऊन आले. मेंढीच्या दुधाचा, दाट. तोंडाला लावून मी तसाच धरून राहिलो.

"मग सर, आता कवर व्हईल पोरीचं?"

मी तोंड उघडायच्या आत धनश्रीनं वहीचं कोरं पान काढलं, वर तारीख घातली आणि वडिलांना विचारलं, "आबा, मेंढरं किती होती?"

"सात खंडी आन् दोन."

खंडी म्हणजे वीस. तिनं एकशे बेचाळीस लिहिले. "आणि कोकरं?"

"नऊ. ती बी लिवती का?"

"लिहिते ना. किती राती?"

"तीन. पैल्या राती वरची बाजू, मग मदली, मग खालची. समद्या रानाला सारकं पडलं पायजे." ते सांगत होते आणि ती शब्द न् शब्द उतरवून घेत होती. प्लॉट एक ते बारा, संपूर्ण चराई, संपूर्ण खत. पेन कुठे अडलं नाही.

"माझं नाव लिवलं का?"

"लिहिलं, आबा."

"बग," ते मला म्हणाले, "आमचं बी नाव बुकात आलं." आणि त्यांनी पटका नीट केला.

तिनं वही माझ्यापुढे धरली. मी माळावर आलो की त्या दिवसाच्या पानावर माझी सही हवी, नसेल तर ती नोंद धरायची नाही, हा नियम मीच घालून दिलेला. मी पान वाचलं. खोटं एक अक्षर नव्हतं. खाली सही केली आणि तिची सहा वर्षं तिथे संपली.

सुग्रीवमामांनी रिकामे कप उचलले. ओढ्याकडून कळप वर येत होता, त्याकडे बघत ते म्हणाले, "दिवाळीला आजून येळ हाय. आनखी दोन राती बसवतो. लेकीच्या रानात कसर कावून ठिवायची?"

मी धनश्रीकडे पाहिलं. ती एका खुंटीपाशी वाकली होती, सैल झालेल्या वाघरीची गाठ आवळत होती.

"बसवा, आबा," ती म्हणाली.