जुन्या दारातली खुर्ची

बंद करायला अक्कल लागत नाही, हे आमचे मालक मनोहरराव यांनी त्या दिवशी सकाळी साडेअकराला सिद्ध केलं. एका हातात नव्या ऑफिसच्या उद्घाटनाला न्यायचा नारळ, दुसऱ्या हातानं जुन्या सर्व्हरचा खटका खाली.

आमची कंपनी छोटी. वेबसाइटचं नाव विचारलं की तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर आम्ही चालवतो. तो गांधीबागेतल्या जुन्या खोलीतून नव्या ऑफिसात न्यायचा होता. मी दहादा बजावलं होतं, नवा चालू झाला तरी जुना दोन दिवस चालूच ठेवायचा, कारण बाहेरच्या यंत्रांना तोवर आमचा जुनाच पत्ता आठवतो. पालथ्या घड्यावर पाणी!

दुपारी तीनला भामरागडहून मोनाली नावाच्या मुलीचा फोन आला. माझा नंबर तिला नर्सिंग कॉलेजनं दिलेला, ते आमचं गिऱ्हाईक. ती रडतच होती.

"मॅडम, नर्सिंगची साइट उघडूनच नाही राहिली. फॉर्म आज पाचपर्यंतच आहे. माझं वर्ष जाईल."

माझं डोकं फिरलं. तशीच मनोहररावांच्या केबिनमध्ये घुसले.

"जुना काहून बंद केला, साहेब?"

"चिडून काहून राहिली वं? माह्या मोबाइलवर तर उघडून राहिली! शुभ कामात एक पाय इकडं, एक पाय तिकडं नाही ठेवाचा."

त्यांच्या मोबाइलला नवा पत्ता कळला होता, तिच्या मोबाइलला नाही. तोंडात पेढा होता. तो काढून घ्यावासा वाटला.

"तुमचं कापडाचं दुकान हलवलं, तेव्हा दुकानातल्या रुपरावकाकाले जुन्या दारात तीन महिने खुर्ची टाकून काहून बसवलं होतं?"

"अवं, गिऱ्हाईक जुन्याच दारी येते न, म्हणून..."

त्यांनी पेढा गिळला. जुन्या खोलीची चावी टेबलावर टाकली. माफीचा एक शब्द नाही.

रुपरावकाका आता आमचे शिपाई. त्यांना स्कूटीवर मागे बसवलं आणि गर्दीला शिव्या घालत गांधीबाग गाठली. पावणेचारला खटका वर करून जुना सर्व्हर चालू केला. साडेचारला मोनालीचा फोन आला.

"भरला, मॅडम."

मी तिथंच फरशीवर बसले. संतापानं रडू येत होतं.

तेवढ्यात मनोहररावांचा फोन.

"झालं न त्या पोरीचं? मग कर आता बंद."

माझ्या तोंडून काय गेलं असतं देव जाणे. रुपरावकाकांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"साहेब, चावी माह्यापाशी आहे. परवापर्यंत नाही देत. तिच्यासारखे अजून किती जण जुन्या दारी येत असतीन, तुमाले मालूम आहे का?"

फोन ठेवून ते कोपऱ्यातली खुर्ची दारात टाकून बसले.